उगवणीचे टक्के

आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केला. पण त्यातला एक मी चष्मा लावून, मोठ्याने वाचून केला. चष्मा नवा होता, अक्कल जुनीच.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत मी कामाला होते. शेजारच्या टेबलाला अक्का. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करायची, आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे, हे आमचं काम. गुंडाळी बांधली की अक्का तिच्यावर तळहात ठेवायच्या, तान्ह्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. कुणी विचारलं, "हा लॉट कसा निघंल?" की उत्तर ठरलेलं : "उगू तं दे. मंग बोल."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुसऱ्याच्या घरात जन्म काढूनही ज्यांचा आवाज कधी चढत नाही. नवऱ्याने टाकल्यापासून अक्का जुन्या जालन्यात भावाकडे राहायच्या, जिन्याखालच्या जागेत. रिटायर झाल्यावर काय करणार, असं विचारलं की म्हणायच्या, "एक खोली घ्यायची. आतून कडी लावता यावी, बस."

मग कंपनीने कळवलं, निवृत्तीचा पैसा कोणत्या फंडात ठेवायचा ते आता ज्याचं त्याने ठरवायचं. शहरातून एक साहेब आले, अर्धा तास बोलले, चहा पिऊन गेले. हाती एक इंग्रजी पुस्तिका राहिली. शेअरचा फंड, सरकारी रोख्यांचा फंड, आणि तिसरी सोय अशी, की आपण काहीच निवडायचं नाही. वय वाढेल तसा शेअरमधला हिस्सा आपोआप कमी होत जातो.

आमच्यात बी.ए. झालेली मी एकटी. मग काय विचारता! स्टुलावर चढून व्याख्यान दिलं. प्रत्येक फंडापुढे मागच्या वर्षांचे टक्के छापले होते, शेअरवाल्याचे सगळ्यांत जास्त. आमच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचे टक्के छापतात. तेवढं उगवलं नाही तर शेतकरी पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. छापलेला टक्का म्हणजे दिलेला शब्द, एवढंच मला ठाऊक. फंडाच्या टक्क्यांनाही मी तोच शब्द समजले.

अक्का चाचरल्या. "मला ते आपोआपवालं बरं वाटून राह्यलं. वरीसच तं राह्यलं माझं."

"अक्का, कमी उगवणीचं बियाणं कुणी घेतं का?"

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. त्या दिवशी मात्र "उगू तं दे" म्हणाल्या नाहीत. माझं बोट जिथे होतं तिथे त्यांनी सही केली.

वर्ष सरता सरता करोनाची टाळेबंदी आली आणि शेअर बाजार कोसळला. मी पुस्तिका पुन्हा काढली. टक्क्यांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, मागे मिळालं तेवढं पुढे मिळेलच असं नाही. चष्मा तोच होता.

अक्का त्याच सुमाराला रिटायर झाल्या. "थोडं थांबा, अक्का. बाजार वर येईल."

"कुठं थांबू? भावानं घर इकलं."

उरलं होतं तेवढं त्यांनी काढलं. त्यात खोली येत नव्हती. त्या भोकरदनकडे धावड्याला भाच्याच्या घरी गेल्या.

बाजार वर आला. माझी नोकरीची चार वर्षं बाकी होती. माझं सगळं उगवलं. नातीला मी त्यातूनच सायकल घेतली. ती अंगणात घंटी वाजवते तेव्हा मी उठून आत जाते.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. त्याआधी एकदा धावड्याला जाऊन आले होते. कापूस साठवायच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांचं अंथरूण होतं. दाराला कडी नव्हती, सुतळी होती, तीही बाहेरून. कापसाचं वजन करायला माणसं न विचारता आत येत-जात होती आणि अक्का दरवेळी पाय आखडून घेत होत्या.

इतक्या वर्षांचं सगळं बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, "अक्का, चुकले हो मी."

त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. गुंडाळीवर ठेवायच्या, तसाच.

"आसं नको म्हणू बाई. तू चुकली म्हणलीस, तं मंग मी भरवसा कुणावर ठिवला म्हणायचा?"