तिरक्या शिळेचे दाऊदसाहेब

दाऊदसाहेब परकार यांची आणि माझी ओळख एका आराखड्यावरून झाली. साठच्या दशकाची ती सुरुवात होती. लग्न होऊन मी कुवेतला आले होते आणि एका बांधकाम कचेरीत ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे शाईने उतरवायला, रुजू झाले होते. साहेब तिथे इंजिनिअर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नकाशा दिला. जमिनीखाली दगडी हौद, त्यावर जाड झाकण, बाजूने उतरत जाणारी वाट. कचेरीत तेव्हा पाण्याच्या टाक्यांचीच कामे चालत. मी विचारले, "सर, यात पाणी कुठून येणार?"

"पाणी नाही, बाई. यात राजा ठेवायचाय," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तुमच्या कॉन्व्हेंटात पिरॅमिड शिकवला नाही?"

"शिकवला, सर. त्याच्या पोटात काय असतं, ते नाही शिकवलं."

"मग बसा."

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले.

रत्नागिरीच्या या माणसाला पिरॅमिडचे वेड कसे लागले, ते मी कधी विचारले नाही. रजा मिळाली की ते इजिप्तला जात. त्यांचा पिरॅमिड नामांकित नव्हता. कच्च्या विटांचा, ढासळलेला, कोणा राजाचा तेही ठाऊक नसलेला. पण त्याच्या तळाशी एकाच प्रचंड दगडातून कोरलेली दफनाची खोली होती. तिच्यावरची छताची शिळा बांधणाऱ्यांनी क्रेनशिवाय उतरवली कशी, ते साहेब फार सुंदर समजावत. शिळा दोन्ही बाजूंच्या टेकूंवर ठेवायची. टेकूंचे पाय वाळूने भरलेल्या खड्ड्यांत. खालच्या भोकांतून वाळू काढत गेले की टेकू खचतात आणि शिळा अलगद जागेवर बसते.

त्या पिरॅमिडातली शिळा मात्र एका बाजूला वर राहिली होती. चोरांनी ती उचकटली असे सगळे मानत. साहेबही तसेच मानत.

तिथे उत्खनन करणारे इजिप्तचे एक पुरातत्त्वज्ञ डॉक्टर कुवेतला आले, तेव्हा साहेबांनी त्यांना आणि मला खैतानच्या आपल्या घरी बोलावले. येत्या हिवाळ्यात मोजणीसाठी आपल्याला तुकडीत घ्यावे, एवढीच साहेबांची इच्छा होती. डॉक्टरांना पाण्याच्या टाक्या बांधणारा इंजिनिअर नको होता. म्हणून साहेबांनी काच लावलेल्या पेटीत ती रचना उभी केली. सिमेंटची शिळा, लाकडी टेकू, दोन्ही बाजूंना वाळू.

साहेबांच्या पत्नी आयेशाभाभी चहा घेऊन आल्या. "अहो, पाहुण्याला चाय तरी घेऊ दे. दगड कुठं पळतोय?"

साहेबांनी वाळूखालच्या भोकांची दोन्ही बुचे एकदम काढली. डावीकडची वाळू भराभरा गळाली. उजवीकडची हललीच नाही. शिळा तिरकी झाली आणि अडकली.

डॉक्टर हसले. "इंजिनिअर, तुमचा राजा असा एका कुशीवर झोपणार?"

भाभींचे भाऊ कासमभाई दारातच थबकले. वाळू आणायचे काम त्यांचे होते. एक पोते त्यांनी अर्दियापलीकडच्या वाळवंटातून आणले होते, दुसरे समुद्रावरून. "वाळू ती वाळू, दाजी," ते पुटपुटले. "दोनदा कशाला उन्हात जायचं?"

डॉक्टर समजूतदार होते. वाळू सुकवा, मी शुक्रवारी पुन्हा येतो, असे म्हणाले. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी आतून पिरॅमिडातल्या शिळेचा फोटो आणला आणि काचेशी धरला. तीच शिळा, तसाच कल.

"शुक्रवारी ती नीट बसेल, पण मला आता ते दाखवायचं नाही," साहेब म्हणाले. "चोरांनी उचकटली असं मीही म्हणत होतो. बहुतेक चुकत होतो. उजवीकडचा खड्डा तुम्ही कधी उघडलात का?"

तो कोणीच उघडला नव्हता. चहा निवून गेला तरी डॉक्टर त्या पेटीसमोरून उठले नाहीत. निघताना त्यांनी साहेबांना हिवाळ्याचे निमंत्रण दिले.

कचेरीतल्या मुदीरांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, बिनपगारी रजा देताना कुरकुर केली. "इथे जिवंत माणसांना घरं नाहीत, आणि तुम्ही मेलेल्याचं घर मोजायला निघालात?" साहेब हसून गेले. हिवाळ्यात तिकडे उजवीकडचा तो खड्डा उघडला, तेव्हा वाळू काठोकाठ होती आणि टेकूचा पाय अजून तिच्यात रुतलेला होता. शिळा कधी खाली बसलीच नव्हती. राजाला तिथे कोणी ठेवलेच नव्हते. हजारो वर्षांनी चोरांवरचा आळ गेला.

त्या मोजणीचे नकाशे शाईने मी काढले. ते छापायला निघाले तेव्हा कोपऱ्यात माझे नाव नव्हते. साहेबांनी ते परत पाठवले. "हात ज्यांचा, नाव त्यांचं," एवढेच म्हणाले. माझ्या माहेरी तो नकाशा आईने चौकटीत लावला होता. तिला त्यातले काही कळत नसे. ती फक्त कोपरा दाखवी.

आज साहेब साठ वर्षांचे होत आहेत, आणि या हिवाळ्यातही ते त्याच तुकडीबरोबर जाणार आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो. भाभींचा चहा त्यांना दीर्घकाळ, आणि गरम असतानाच, मिळो. आणि त्या उतरत्या वाटांसाठी त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो. खाली जाण्यापुरते नव्हे, तिथे तर ते कसेही जातील, पण दर वेळी चढून वर, आमच्यात परत येण्यासाठी.