युमक्यीनं बुजवलेला चर

आमच्या युमक्यीबद्दल सांगायचं तर आधी माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. पाणथळातला तो लांबच लांब चर खणणाऱ्या टोळीत मीही होतो, ऐन विशीतला! कुरण कोरडं झालं की याकांना गवत वाढेल, असं आम्हाला सांगितलं होतं आणि पटलंही होतं. झालं भलतंच. पाणी चरातून नदीला गेलं, गवत विरळ झालं, उंदरांनी जमीन पोखरली आणि काळ्या मानेचे क्रौंच एकेक करत निघून गेले. राहिली एकच जोडी.

एका उन्हाळ्यात तिचीही अंडी गेली. घरट्याभोवती पाणी नव्हतं. माझा कुत्रा दोम कोरड्या पायांनी गेला आणि खाऊन आला.

युमक्यी माझ्या शेजारच्या तंबूतली विधवा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जीभ मात्र थोरली. दारात येऊन म्हणाली, "खाबुमकाका, चर तुम्ही खणलात, अंडी तुमच्या कुत्र्यानं खाल्ली. आता बुजवायला तरी या! पुढच्या वसंतात तिथं पाणी नसलं, तर हीही जोडी गेली समजा."

मी लगेच शहाणपण पाजळलं. हिवाळ्यात आम्ही याकांच्या ओल्या शेणाच्या भिंती घालतो. त्या गोठून दगड होतात. म्हटलं, "शेणाचाच बांध घाल की. कुऱ्हाड लागायची नाही!"

थंडी पडताच वीस जणांनी सात दिवस शेण थापलं. बांधावरून घोडा चालवून दाखवला मी.

वसंतात बर्फ वितळलं, आणि बांधही. सगळं शेण नदीला! लोक पोट धरून हसले. "खाबुम, तुझा दगड कुठवर पोचला रे?"

युमक्यी हसली नाही. तिनं चराच्या काठावरचा उंचवटा कुदळीनं टोकरून पाहिला. चाळीस वर्षांपूर्वी आम्हीच उपसलेली माती ती. आता तिच्यावर दाट गवत माजलं होतं.

"कुरणाला नवी जखम कशाला करायची? याचीच माती यालाच परत."

त्या गवताळ मातीचे मुळांसकट चौकोनी तुकडे कापायचे, सांधे चुकवत रचायचे, पायांनी तुडवायचे. तेही एकच मोठा बांध नाही. पन्नास पावलांवर एक, असे अकरा छोटे, म्हणजे सगळा भार एकावर येत नाही. कुणी शिकवलं म्हणता? तंबूतली मातीची चूल ती अशीच रचते!

क्रौंच उतरले तेव्हा आमचा आठवा बांध चालू होता. अकरावा झाला आणि पाणी हळूहळू कुरणात पसरलं. जोडीनं पाण्यामधल्या एका उंचवट्यावर घरटं केलं.

"दोमला बांधून ठेवा हं," युमक्यीनं बजावलं. ठेवला होता हो! पण एका सकाळी साखळी तोडून तो थेट घरट्याकडे सुटला. आम्ही ओरडत मागे. वीस पावलं गेला आणि छातीपर्यंत चिखलात रुतला. धडपडला, कण्हला, कसाबसा मागे फिरला. मादी अंड्यांवरून उठलीसुद्धा नाही!

स्वतःच्या कुत्र्याची फजिती पाहून मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

"काका, आंघोळ घाला त्याला," युमक्यी म्हणाली. "पण पाणी नदीवरून आणा. इथलं तांब्याभरही मिळणार नाही."

आणलं, नदीवरून. महिन्याभरात आईमागे दोन तांबूस पिल्लं चालताना दिसली, तेव्हा शेणावरून हसणारे सगळे माझ्याआधी बांधावर हजर होते. मी प्रत्येकाला सांगत होतो, "ही आमच्या शेजारची हो!" पिल्लं नव्हे, युमक्यी.