हातावर पाणी

१९७३ च्या मे महिन्यातला गुरुवार. रक्कम अकरा रुपये. सोनईच्या एका खाजगी दवाखान्यात हजर चौघे : मी, माझी बायको, डॉक्टर आणि बाकावर निजवलेला आमचा पाच वर्षांचा मुलगा. त्याला दोन दिवस हगवण लागली होती. सुई टोचली, सलाईनची बाटली लावली. संध्याकाळी त्याने डोळे उघडून पाणी मागितले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी पैसे घेतले आणि विचारले, "आधी घरात कुणाला झालं होतं?"

बायकोने पदर तोंडाला लावला. मी सांगितले, "मुलीला. नऊ वर्षांची होती. महिना झाला तिला जाऊन."

डॉक्टरांनी मुलाचे पोट पुन्हा चाचपून पाहिले. मग म्हणाले, "ह्या पोरात आता काही राहिलेलं नाही. पुन्हा लागली तर मी भरवसा देऊ शकत नाही. पाणी उकळून पाजा. आणि खाण्याआधी, परसाकडून आल्यावर, साबण लावून हात धुवायचे. भांड्यात बुचकळून नाही. वाहत्या धारेखाली, चोळून."

"डॉक्टरसाहेब, प्यायला पानी न्हाई," बायको म्हणाली.

"ठाऊक आहे बाई. तरी धुवा."

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आमच्या विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. टँकर एक दिवसाआड यायचा आणि आमच्या वाट्याला दोन हंडे मिळायचे. दोन हंड्यांत काय काय बसवायचे, याचा हिशोब मीच करत असे. हात धुवायला मी एक तांब्या काढून ठेवला. पाण्याची सोय झाली. अडचण दुसरीच होती.

आमच्याकडे हात धुणे हे एकट्याचे काम नव्हते. नळ नाही, त्यामुळे एकाने तांब्या तिरपा धरायचा आणि दुसऱ्याने हात पुढे करायचे. पाहुणा आला तरी तसेच, जेवायला बसतानाही तसेच. धाकट्याच्या हातावर पाणी घालण्याचे काम मुलीने आपण होऊन घेतले होते. तो चालू लागला तेव्हापासून ते तिच्याकडे होते. दारातल्या दगडावर त्याला उभा करायची, खाली घमेले ठेवायची (ते पाणी शेवग्याला जायचे) आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून बारीक धार सोडायची. तोंड मात्र सारखे चालू.

"नखं दाव. अगं बया, ह्या नखात तर आर्धं वावर हाय! बाजरी पेरायची का?"

तो खिदळायचा.

"हसू नगं, चोळ. आन् मागनं कोन चोळील? पालथा हात काय शेजाऱ्याचा हाय?"

तिचे बोलणे संपेपर्यंत तो चोळत राही. त्याला वाटे, हात धुणे म्हणजे हेच.

मुलांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिला भाकरी पोचवायला मुलगी एका दुपारी गेली. उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून वाटेत ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे पाणी प्याली. त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. बैलगाडीतून तिला सोनईला न्यायला निघालो, पण गाव यायच्या आधीच गाडी मागे फिरवावी लागली.

तर आता मुलगा बरा होऊन घरी आला होता आणि त्याचे हात धुवायचे होते. पहिल्या दिवशी आईने तांब्या घेतला. तो दगडावर जाऊन उभा राहिला, सवयीने हात पुढे केले. मग मान वर करून पाहिले आणि हात पाठीमागे नेले.

"तू नको."

"मग कोन? तुझा आज्जा येनार हाय का वरून?"

"तू नको."

आईने समजावले, गूळ दाखवला, शेवटी दंडाला धरून पाणी ओतले. त्याने हात झटकले, तांब्या घरंगळला आणि दिवसाचे पाणी अंगणात गेले. चिखलाने भरलेल्या हातांनी त्याने भाकरीचा तुकडा उचलला. तिने तो त्याच्या तोंडापर्यंत गेलेला हिसकावून घेतला आणि त्याला एक धपाटा घातला. दोघेही रडायला बसले.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीसारखे बोलून पाहिले. "नखं दाव," एवढेच म्हणाली. पुढचे तिला येईना. तांब्या तसाच खाली ठेवून ती आत गेली.

पुढच्या शुक्रवारी मी घोडेगावच्या बाजाराला गेलो. जनावरांच्या बाजाराच्या कडेला एक म्हातारा कारागीर बसायचा. कंदील, चाळण्या, डबे यांचे सांधे कथलाचा डाग देऊन जोडायचा. त्याला म्हणालो, डालड्याच्या डब्याला खालच्या अंगाला बारीक नळी बसवून द्या, तिला लाकडी बूच. लेकराला एकट्याने हात धुता आले पाहिजेत.

"लेकराला? हितं म्होटी मानसं धुईनात!" तो हसला. डबा तिथल्या तिथे करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. "आदी वापरा. गळला न्हाई तर द्या."

डबा मी दारातल्या लिंबाला मुलाच्या छातीच्या उंचीवर टांगला. बूच काढले. धार चांगली पडली, मुलगी धरायची तितकीच बारीक. मी म्हणालो, "बघ, आता कुणी लागत न्हाई. एकट्यानं धू."

त्याने डब्याकडे पाहिले. पाणी घमेल्यात पडत होते आणि मला त्याचाही हिशोब दिसत होता, तरी मी बूच लावले नाही.

"हा बोलत न्हाई," तो म्हणाला.

मी घमेले नीट धारेखाली सरकवले. मग तोच म्हणाला, "दादा, आक्का लई हात धुवायची."

"व्हय."

"तरी मेली."

चुलीपुढे बायकोच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला. खोटे सांगायची माझी तयारी नव्हती आणि खरे मला पुरते ठाऊक नव्हते. मी बूच लावले आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"तरी मेली," मी म्हणालो. "पानी वाईट हुतं. ते पोटात गेलं. हात धुऊन त्याला काय उपाय नव्हता. पन ती तुझे धूत हुती. म्हनून तू आतापातुर नीट राह्यला आसशील. मला नक्की म्हाईत न्हाई. डॉक्टर म्हंत्यात धुवा. आपुन धू."

"मग तुमी बोला."

मला गमती करता येत नाहीत. मला पाढे येतात. मी बूच काढले आणि म्हणालो, "बे एके बे."

तो माझ्याकडे बघत राहिला. बे दुणे चारला त्याने हात धारेखाली धरले. बे त्रिक सहाला साबण घेतला. मी भराभर म्हणत गेलो तसा तो ओरडला, "हळू म्हना की! नखं ऱ्हायली." मी हळू म्हटले. बे दाहे वीसला त्याने हात वर केले. दोन्ही तळवे स्वच्छ होते. ते आईला दाखवायला तो आत पळाला आणि तिने ते हातात घेऊन बराच वेळ सोडले नाहीत.

तेव्हापासून रोज, जेवणाच्या आधी आणि परसाकडून आल्यावर, मी लिंबाखाली उभा राहून पाढा म्हणायचो. वावरात काही काम नव्हतेच. शेजारणी म्हणत, "पोराला शाळेत घालायच्या आदी मास्तर घरी आनला वाटतं!" मी म्हणत राहायचो. बेचा झाल्यावर त्याने तीनचा मागितला.

जूनच्या शेवटी पाऊस पडला. मी पेरणीला लागलो. एका दुपारी वावरातून येताना मला अंगणातून पाढा ऐकू आला. लिंबाखाली तो एकटाच होता. तीन चोक बारा, तीन पाचे पंधरा म्हणत नखे चोळत होता. मी पोचेपर्यंत त्याने बूच लावले होते.

"माझ्यासाठी थांबला न्हाईस?" मी विचारले.

"मला येतंय आता," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

बायको दारात उभी होती. मी तिला म्हणालो, चांगलं झालं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "आता तो हात पुढं करून हुबा ऱ्हात न्हाई." एवढे बोलून ती त्याला वाढायला आत गेली. मी घमेले उचलून पाणी शेवग्याला घातले.

पावसाळ्यातही मुलाला पुन्हा हगवण लागली नाही. डब्याचे पैसे द्यायचे राहिले होते, पण तो म्हातारा कारागीर मधल्या काळात बाजारात दिसत नव्हता. खडीच्या कामावर गेला होता म्हणे. श्रावणात तो आपल्या जागेवर बसलेला सापडला.

"गळतो का?"

"थेंब न्हाई."

"धुतंय का पोरगं?"

"धुतंय."

"मग आनखी एक करू का? लेकरं किती हायती तुमाला?"

माझ्या तोंडात आकडा तयार होता, नेहमीचा. तो मी गिळला.

"एक," मी म्हणालो. "एकच डबा पुरतो."

त्याने साडेतीन रुपये सांगितले. घासाघीस न करता साडेतीन रुपये त्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले.