खाकरून उघडायचं पान

दारात खाकरल्याशिवाय भाऊ लोणावळ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कधी पाऊल टाकत नसत. तुंगार्लीतल्या एका बंगल्याची राखण करायचे ते. बंगला पाहुण्यांना भाड्याने द्यायचा होता, म्हणून मालकाने त्यांना वेबपेज बनवायला शिकायला धाडलं होतं. फाइल उघडतानाही ते आधी हलकंसं खाकरायचे. आतल्या माणसाला सावरून बसायला वेळ द्यावा, तसं.

एकदा मी शिकवलं, की कोडमधली ओळ ठरावीक खुणांच्या मध्ये ठेवली, की ती पानावर दिसत नाही.

"म्हंजी आसती, पर दिसत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन कुटं जात बी न्हाई?"

"आपण पुसेपर्यंत नाही."

ओळखीच्या कुणाची खुशाली कळावी, तशी त्यांनी मान डोलावली.

पुढे त्यांचं पान तयार झालं. हॉल, खालच्या खोल्या, गच्ची. कोड तपासताना मला त्या खुणांच्या मध्ये एक ओळ सापडली: 'वरची खोली. बाई निजल्यात.'

"बाई कोण?"

"मालकाच्या आई."

"त्या तर मागेच वारल्या ना?"

"व्हय. म्हनून तर पावण्यांना दाखवत न्हाई."

मी ती ओळ पुसायला गेले, तर त्यांनी कीबोर्ड हळूच माझ्यापुढून ओढून घेतला.

"आसू द्या मॅडम. जाग्या हुतील."

ओळ अजून तिथेच आहे. ते पान उघडायचं झालं, की आता मीही आधी खाकरते. आणि जरा थांबते.