शनिवारी घरी नेलेली आई

आईला दवाखान्यातून घरी न्यायची घाई मीच केली, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायला गेले की मी कारणं द्यायला लागते, आणि कारणं मला फार छान देता येतात. मास्तरीण होते ना!

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात मुलींच्या शाळेत नवी लागले होते, अजून कायम झाले नव्हते. आई नरडाण्याला एकटी राहायची. तिचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दहा दिवसांची रजा देताना मोठ्या बाईंनी असं तोंड केलं, की जणू मी त्यांच्या कोठीतले गहू मागायला गेले होते. धुळ्यात एका सर्जनचा बारा खाटांचा दवाखाना होता, तिथं आईला ठेवलं. ऑपरेशन झालंही नीट. पण नुसतं बसून राहणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. एकच डबा मी दिवसातून चारदा घासायची, व्हरांड्यात येरझारा घालायची, कंपाउंडरला तेच तेच विचारून भंडावून सोडायची. आई म्हणायची, "बस ना वं माय घडीभर!"

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी शनिवार होता, आणि माझी रजा रविवारी संपत होती. सकाळी टाके काढले. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि म्हणाले, "जायचं तर जा. दोन दिवस राहिलात तरी हरकत नाही." मी त्यातलं 'जा' तेवढं ऐकलं. सोमवारी शाळेत तपासणी होती. आज आईला घरी पोचवायचं, शेजारच्या काकूंवर सोपवायचं आणि उद्या संध्याकाळची पॅसेंजर धरायची. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातली मी.

गाठोडं बांधत होते, तर वॉर्डातली आयाबाई आडवी आली. पन्नाशीची बाई, हातात फरशी पुसायचं ओलं फडकं. "शनवारे घर नका जावू बाई. शनवारे गयेल माणूस परत येस. सोमवारे जा."

झालं, माझं डोकं फिरलं. एवढी शिकले ती काय शनीला भ्यायला? मी म्हटलं, "अक्का, त्या शनीला माझा पत्ता द्या, म्हणावं सवड झाली की ये!" बाजूच्या दोघीतिघी हसल्या, तसा मला आणखीच चेव आला. सूर्य, पृथ्वी, शनीची कडी, सगळा भूगोल मी तिथं उभ्यानं शिकवला. आयाबाई फडकं पिळत ऐकत राहिली. मी टांगा बघायला बाहेर गेले आणि परत आले, तेव्हा ती आईच्या उशाशी वाकून काहीतरी सांगत होती. मला पाहून बाजूला झाली. आई म्हणाली, "चाल बेटा, जावूत."

एसटीनं सबंध रस्ताभर आदळलं. आईनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. दुखतंय का विचारलं की मान हलवून नाही म्हणायची.

रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते. आईनं हाक मारली, अगदी बारीक. जाऊन पाहते तर लुगडं, गोधडी, खालची सतरंजी, सगळं रक्तानं भिजलेलं. अनवाणी धावत गल्लीतल्या मारवाडी शेटजींकडे गेले. ते पूजेला बसले होते, तसेच उठले आणि स्वतः जीप काढली.

धुळ्याला पोचलो तर दवाखान्यात एकटा कंपाउंडर. "डॉक्टर नाहीत. शनिवारी दुपारी शिरपूरला शेतावर जातात, ते सोमवारी येतात. दर आठवड्याला." शिरपूर म्हणजे आमच्याच वाटेवर, नरडाण्याच्या पुढे. काल आमच्या एसटीच्या मागंपुढंच गेले असतील! मी त्याच्यावर ओरडले, "मग काल सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं का?"

शेटजी पाणीसुद्धा न पिता शिरपूरकडे वळले. जायला-यायला तीन तास. तोवर आयाबाईनं खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवून आईचे पाय वर केले, कापडाच्या घड्या गच्च दाबून धरल्या, कंपाउंडरला सलाइन लावायला लावलं. शनीचं नावही तिनं काढलं नाही. मी आपली दारापर्यंत जात होते, परत येत होते. शेवटी तिनं माझं मनगट पकडून मला खाली बसवलं. "बस आठे. तुन्ही मायना हात धर."

मी धरला. तो गार होता. मी रडत विचारलं, "डॉक्टर नसतात हे सरळ का नाही सांगितलं मला?"

ती हळूच म्हणाली, "सांगं तं मन्ही नोकरी जाई. आन मन्हं कोन ऐकस बाई? शनीनं बठ्ठा ऐकतस."

शनीचं सगळे ऐकतात म्हणे. मी तेही ऐकलं नव्हतं.

डॉक्टर दुपारी आले आणि आल्या पावली आईला टेबलावर घेतलं. आई वाचली. सोमवारी शाळेत तपासणी झाली असेल, मला तिची आठवणही झाली नाही. त्या संध्याकाळी आईनं डोळे नीट उघडले. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं गं."

"माले माहीत व्हतं," आई म्हणाली. "तिनी सांगेल व्हतं माले. पन तुन्ही रजा सरी गयथी ना, बेटा."

माझी रजा संपली होती, म्हणून ती गप्प बसून एसटीत चढली होती. हे आठवलं की आजही मला जागेवर बसवत नाही.

पुढच्या शनिवारी डॉक्टर पुन्हा राउंडला आले. "आता जायला हरकत नाही. आज नेता का?"

"सोमवारी," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "मास्तरीणबाई, तुम्हीसुद्धा शनी मानता?"

आयाबाई शेजारच्या खाटेखाली पुसत होती. तिचा हात थांबला.

"मानते," मी म्हटलं, आणि आईजवळ बसून राहिले.