उठल्यापासून चहापर्यंत

आमच्या घरात भाजी आधी तोलली जायची, मग तिचा एक हिस्सा डब्यात बंद होऊन प्रयोगशाळेत जायचा, आणि उरलेली दादाच्या ताटात पडायची. दादा शाळेत मास्तर होता. स्वभावानं गरीब, पण तोही एकदा वैतागून म्हणाला होता, "अगं, माझ्या पानात वाढलेलं तरी मोजू नकोस." मी तेही मोजत असे. पालेभाज्या आणि फळं माणसाला उतारवयातल्या चिवट आजारांपासून कितपत वाचवतात, हा माझा विषय होता. विषय डोक्यात शिरला की माणूस किती आगाऊ होतो, ते मला फार उशिरा कळलं.

ती भाजी करायची माझी वहिनी. ती शाहूवाडीकडची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा अठरा-एकोणीसची असेल, आणि मी नऊ वर्षांची. आई जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्याच दिवशी वहिनी मला "वन्सं, तुम्ही जेवला का?" म्हणाली, तेव्हा कोणी मोठं माणूस आलंय की काय म्हणून मी मागं वळून बघितलं होतं. पुढं दादा-वहिनीला मूल झालं नाही. माझ्या वेण्या, माझी आजारपणं, माझ्या परीक्षा, सगळं तिच्याच गळ्यात पडलं. साठच्या दशकात मी एम.एस्सी.ला जायचं म्हटल्यावर नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "शिकू द्या की. भाकऱ्या थापायला मी हाय." विषय तिथंच संपला.

कॉलेजच्या मागच्या बैठ्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. तिथं बाकीचे लोक मंडईतून कच्च्या भाज्या आणून तपासत. मला ते पटायचं नाही. कच्ची मेथी खातं कोण? आपल्याकडं ती चिरतात, धुतात, शिजवतात, आणि त्यानंतर तिच्यात काय शिल्लक राहतं ते बघायला हवं, असं म्हणून मी भांडले आणि वहिनीला कामाला लावलं. मेथी, शेपू, शेवग्याचा पाला, गावाकडं करतात तशी ती करायची. ती भाजी चिरून मग धुवायची, आणि मी किंचाळायची, "वहिनी, सगळं जीवनसत्त्व मोरीत गेलं!"

"आणि माती पोटात गेली तर तुमचं जीवनसत्त्व ती उकरून काढणार हाय व्हय?" ती म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी आधी धुवायची. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या बायकांना ती हेच दरडावून सांगू लागली.

एकदा ती प्रयोगशाळा बघायला आली. काचेच्या नळीतून निळ्या रंगाचे थेंब भाजीच्या अर्कात सोडायचे. क जीवनसत्त्व आहे तोवर रंग उडत राहतो, ते संपलं की अर्कावर गुलाबी छटा टिकते, तिथं थांबायचं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग मी तिला समजावलं, की चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं आणि लिंबू पिळलं तर पडत नाही, तसंच काहीसं शरीरातही चालतं. हे काळं पडणं थोपवणारे पदार्थ आपल्या ताटात असले पाहिजेत. अँटिऑक्सिडंट हा शब्द त्या काळी आमच्याही जिभेवर नीट बसलेला नव्हता. "म्हंजे लिंबाचं काम," ती म्हणाली. पुढं कितीतरी व्याख्यानांत मी तिचंच वाक्य वापरलं आणि टाळ्या घेतल्या.

त्याच दिवशी तिनं विचारलं, या बाटल्या तपकिरी का? मी सांगितलं, उजेड आणि हवा लागली की आतला माल खराब होतो, म्हणून काच गडद आणि झाकण घट्ट. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "यातली एक मोडकी-बिडकी असंल तर मला द्या. पावसात माझी मिश्री सादळती."

वहिनी मिश्री लावायची. निपाणीची तंबाखू आणून तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि सकाळी उठल्यावर चुलीपाशी बसून बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. भाजायच्या दिवशी सगळी गल्ली खोकायची. लग्नानंतर दाढ दुखत होती म्हणून कोणीतरी सुचवलं, ते कायमचं लागलं. आमच्या भागात निम्म्या बायका लावायच्या. मिश्री लावल्याशिवाय त्यांना तोंड धुतल्यासारखं वाटायचं नाही. मला त्यात वावगं दिसलं नाही, कारण मला ते दिसतच नव्हतं. रुंद तोंडाची एक जुनी बाटली मी चांगली उकळून, वाळवून तिला आणून दिली. "आता एक कणसुद्धा सादळणार नाही," असं ऐटीत सांगितलं. माझ्या हातांनी दिली. हे वाक्य मी आयुष्यात कितीदा मनात म्हटलंय, त्याला गणती नाही.

पुढं सत्तरच्या दशकात आम्हाला खेड्यांतल्या बायकांच्या आहाराची पाहणी करायचं काम मिळालं. गडमुडशिंगीपासून शिरोळपर्यंत घरोघर जायचं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते बाईकडून आठवून घ्यायचं आणि तक्त्यात भरायचं. तक्ता मी तयार केला होता, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. पहिला रकाना, उठल्यापासून चहापर्यंत. मग चहा, न्याहारी, दुपार, अशी सगळी दिवसाची उतरंड. वाटी किती मोठी, भाकरी केवढी, सगळं विचारायचं.

गडमुडशिंगीत एका घरी गेले तेव्हा मालकीणबाईंनी आत आवाज दिला, "पावणं आल्यात, च्या टाक गं," आणि माझ्यासमोर घोंगडीवर ऐसपैस बसल्या. मी पहिला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "उठल्यावर काय खाणार बाई? मिसरी लावली तेवढी."

"ते नको हो, खाण्याचं सांगा," मी म्हटलं.

"खाण्याचं व्हय? मग काय न्हाय."

त्या एकट्याच नव्हत्या. किती जणींना मी असं थांबवलं असेल, देव जाणे. मिश्री हा खाण्याचा पदार्थ नाही, तिच्यात उष्मांक नाही, प्रथिन नाही, मग ती माझ्या तक्त्यात कशाला? मी शिकलेली होते ना!

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वहिनीचं तिखट सुटलं. वहिनीची कांदा-लसणाची चटणी म्हणजे आमच्या पेठेतली नावाजलेली गोष्ट. दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवायची, कांडून आणायची, आणि गरम भाकरीच्या तुकड्यावर तेल-चटणी घेऊन पहिली चव स्वतः बघायची. त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "वन्सं, चव तुम्हीच बघा." मग ताटातली चटणी गेली, मग रस्सा गेला, मग ती दूधभातावर आली. तिखट आणि तेल कमी कर म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्या मागं लागले होते. शेवटी बयेनं ऐकलं, असं मला वाटलं. मी खूश झाले. एका महिला मंडळात तर मी तिचं उदाहरण दिलं, की चाळिशी उलटलेली बाईसुद्धा मनावर घेतलं तर जन्माची सवय बदलू शकते. ती पहिल्या रांगेत बसली होती. पदर तोंडाला लावून हसली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "तोंड आलंय जरा. झोंबतंय." तोंड आलंय म्हणजे बी-कॉम्प्लेक्स कमी पडतंय, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. गोळ्या आणून दिल्या. त्या तिनं महिनोन्महिने न चुकता घेतल्या. मी दिल्या होत्या म्हणून घेतल्या. आणि दुखरी जागा बधिर व्हावी म्हणून तिथंच जरा जास्त मिश्री लावत राहिली. हे मला नंतर तिनंच सांगितलं. "सांगायचं नाहीस का गं?" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही गोळ्या दिल्या हुत्या की. मला वाटलं, बरं व्हायलाच लागलंय."

गालाला सूज आली तेव्हा दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही बरोबर होते. तिचा आहार मला तोंडपाठ होता, कोणी काही विचारलं तर सांगायला मी तयारच होते. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. पुरतं उघडेना. त्यांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "मिश्री लावता?"

वहिनीनं मान हलवली. मी बॅगेतून काढून ठेवलेला तिच्या आहाराचा कागद पुन्हा आत सरकवला.

तोंडाचा कॅन्सर निघाला, आणि मिरजेच्या इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. विजेचे शेक घ्यायला आठवड्यातून पाच वेळा एस.टी.नं जायचं, यायचं. त्या प्रवासात ती खिडकीशी बसून उसाची शेतं बघायची आणि मी पिशवी सांभाळत बसायची. पिशवीत आवळ्याचा रस असायचा. माझं सगळं शास्त्र त्या बाटलीत गोळा झालं होतं. आवळा, गाजर, शेवग्याचा पाला, जे काही पेशींना वाचवतं असं मी शिकले आणि शिकवलं होतं, ते सगळं मी गाळून तिच्यासमोर धरत होते. तिच्या तोंडाची आतून साल निघाली होती. त्या तोंडात मी आंबट रस ओतत होते.

"लई झोंबतंय, वन्सं," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"घे गं. औषध आहे ते."

तिनं घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, पदरानं पुसायची आणि पेला रिकामा करून माझ्या हातात द्यायची. आठवड्यानं तिथल्या नर्सबाईंनी बघितलं आणि त्या मला सगळ्यांदेखत बोलल्या. बरं केलं. त्या बोलल्या नसत्या तर मी थांबले नसते, आणि वहिनी नको म्हणाली नसती. त्या आठवड्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

शेवटच्या दिवसांत तिला बोलता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. एका दुपारी तिनं खुणेनं मला चुलीजवळची फळी दाखवली. फळीवर ती तपकिरी बाटली होती, रिकामी, राखेनं घासून लख्ख केलेली. कधी घासली होती कोण जाणे. मी ती तिच्या हातात दिली. तिनं ती परत माझ्याकडं सरकवली आणि शब्द चावत चावत म्हणाली, "न्या कालेजात. काच चांगली हाय." त्यानंतर महिनाभरात ती गेली. दादानं काही दिवस तीन माणसांच्या अंदाजानं भात लावला, मग तेही सोडलं, आणि खाणावळीचा डबा लावला.

कामावर परतल्यावर मी पहिल्यांदा तक्ता बदलला. पहिल्या रकान्याखाली आणखी दोन ओळी घातल्या: मिश्री, तंबाखू, पान, किती वेळा, किती वर्षं. आमचे प्रमुख म्हणाले, हा आहाराचा भाग नाही. त्यांच्याशी मी इतक्या मोठ्या आवाजात भांडले की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. शेवटी त्यांनी सही केली. त्यानंतरची सगळी वर्षं मी याच कामात घालवली. आता कोणी बाई "मिसरी लावली तेवढी" म्हणाली, की मी पेन खाली ठेवायची आणि तिला आधी तोंड उघडायला सांगायची. काही जणींना वेळेत दवाखान्यात पाठवता आलं. लोक त्याला माझं काम म्हणतात. म्हणोत बापडे.

जुने तक्ते रद्दीत द्यायची वेळ आली तेव्हा ते मी घरी आणले. मिश्रीचा उल्लेख कुठंतरी कोपऱ्यात, चुकून का होईना, मी लिहून ठेवला असेल, अशी आशा होती. कुठंच नव्हता. गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, छापखान्यात जायच्या आधीचा, हातानं आखलेला पहिला नमुना सापडला. तक्ता नीट चालतो का हे बघायला मी तो घरीच भरला होता. वर वहिनीचं नाव होतं.

ती सकाळ मला लख्ख आठवली. ती चुलीपाशी बसली होती, मांडीवर ती तपकिरी बाटली, आणि मी समोर पाटावर. मी पहिला प्रश्न विचारला, उठल्यापासून चहापर्यंत काय काय? तिचं तोंड मिश्रीनं भरलं होतं, बोलता येईना, म्हणून तिनं काळं झालेलं बोट वर करून मला थांबायची खूण केली. मला कॉलेजला उशीर होत होता. मी थांबले नाही. रकाना रिकामा नको म्हणून तिच्या तोंडाकडं बघत बघतच मी लिहून टाकलं: काही नाही.