आयर्लंडच्या किल्ल्यात काढलेली दृष्ट

आयर्लंडमधला एक किल्ला असा आहे, की ज्यात पाऊल ठेवायला मला, माझ्या बायकोला आणि आमच्या सामानाला कायमची मनाई आहे. हे मी इथं कोल्हापुरात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी विचारतो, "पण पन्हाळा सोडून तिकडं कशाला कडमडायला गेलता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं थोडंच आहे. तरी लोक हसतात. आता मीही हसतो.

मी गडमुडशिंगीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भूत नसतं, करणी नसते आणि दृष्ट तर मुळीच नसते, हे आठवीच्या पोरांच्या डोक्यात घालणं हा माझा सगळ्यात आवडता तास. माझी बायको शालन हाच तास घरी रोज ऐकायची आणि रोज नापास व्हायची. (तिचं म्हणणं, मास्तरच नापास आहे.)

आमची एकुलती एक लेक प्राजक्ता लग्न होऊन डब्लिनला गेली. जावई अभिजितराव मूळचे मलकापूरचे. तिथं कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय करतात ते त्यांनी मला तीनदा समजावलंय, चौथ्यांदा विचारायची लाज वाटते. संसार चांगला चाललेला. पण प्राजूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा चौथ्यात. फोनवर ती रडायची नाही, हेच वाईट होतं. "बरी हाय मी" एवढं म्हणायची आणि फोन ठेवायची. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागला तसं शालननं जाहीर केलं, "मी चाललो पोरीकडं. तुम्हाला यायचं असलं तर या." (कोल्हापुरात बायका 'चाललो' म्हणतात. दुरुस्त करायला जाऊ नये.)

बॅगेत डबाभर चटणी गेली, मेतकूट गेलं, डिंक गेला आणि वर अर्धा किलो संकेश्वरी मिरची.

"अगं, तिखटाचा डबा घेतलायस की! ह्या कशाला?"

"असू द्यात वरच्या कामाला."

वरचं काम कुठलं, ते मला कळलं. पण मी बोललो नाही, कारण बॅग बंद होत नव्हती आणि तिच्यावर बसायची जबाबदारी माझ्याकडं होती.

डब्लिनला गेलो तर पोरगी भिंत धरून चालत होती. पाच महिन्यांत घर आणि हॉस्पिटल सोडून तिनं तिसरी जागा बघितली नव्हती. जिना उतरायला घाबरायची, शिंकायलासुद्धा घाबरायची. डॉक्टरीण म्हणाली, सगळं छान आहे, हिला जरा बाहेर न्या. म्हणून जावयांनी कुणाला न विचारता एका जुन्या किल्ल्यातल्या हॉटेलात एक रात्र राहायचं ठरवलं. खिडकीतनं तळं दिसतं म्हणे. किल्ल्यात भूत आहे, हे त्यांनी गाडी निम्म्या वाटेत आल्यावर सांगितलं.

"काय हाय?" शालन मागच्या सीटवरनं पुढं आली.

"मामी, तसलं काही न्हाय ओ. जाहिरात असती ती. इथं लोक मुद्दाम भूत बघायला येतात."

"आणि आपण पोटुशी पोर घेऊन चाललोय!"

आपल्याकडं एखाद्या घरात भूत आहे म्हटलं की त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. तिथं भूत आहे म्हटलं की दोन महिने आधीपासून खोल्या भरतात. शालनला मी हे सांस्कृतिक फरक म्हणून समजावलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की दृष्ट नसते म्हणून वाचलो.

किल्ला काळाकुट्ट. पाऊस गगनबावड्यासारखा, पण गगनबावड्याचा निदान मनापासून पडतो, हा नुसता कुरकुरत होता. गाडीतनं दारापर्यंत जाईस्तोवर शालनची साडी भिजली. आत व्यवस्थापक बाई उभ्या. साठीच्या, काटकुळ्या, काळ्या कपड्यांतल्या. त्यांनी आमचं स्वागत केलं, सगळ्या पाहुण्यांना एका मोठ्या तैलचित्राखाली उभं केलं आणि चवीचवीनं भुताची गोष्ट सांगायला घेतली. चित्रातली ती बाई ह्या किल्ल्याची मालकीण. तिचं तान्हं मूल इथंच गेलं. तेव्हापासून ती पांढऱ्या झग्यात, मोकळ्या केसांनी वरच्या मजल्यावरच्या बोळातनं हिंडते आणि आपलं लेकरू शोधते. (आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. घ्या!)

"काय म्हणतीया ती?" शालननं मला कोपर मारलं.

"म्हणतीया, हिकडं बटाटा चांगला येतो."

त्याच वेळी व्यवस्थापक बाईंनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला आणि मग हात मोकळे सोडले. बटाट्याचं असं कुणी करत नाही. शालनला जे कळायचं ते कळलं. मी प्राजूकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिनं आईचा हात घट्ट धरला होता.

चहा घेताना ती हळूच म्हणाली, "पप्पा, दोन आठवडे झाले, रोज हालचाल कळती. आज सकाळपासून काहीच न्हाय."

जावयांनी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडची नर्स शांतपणे म्हणाली, ह्या महिन्यात रोज कळेलच असं नसतं. पडून राहू दे, काही गोड द्या, दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच या, नाहीतर सकाळी या. प्राजूला तिच्या खोलीत निजवलं. पोटावर दोन्ही हात ठेवून ती छताकडं बघत राहिली. मागच्या दोन्ही वेळा सुरुवात अशीच झाली होती, सगळं काही शांत होण्यानं. मला ते माहीत होतं, शालनला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

"दृष्ट लागलीया पोरीला," आमच्या खोलीत आल्यावर शालन म्हणाली.

"शालन, दृष्ट नावाची कुठलीही..." इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य निघेना. एकतीस वर्षांचं पाठ वाक्य! "मग काढ की," मी म्हणालो.

शालन बघतच राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला पहिल्यांदाच गप्प केलं होतं. मग तिनं पर्स उघडली. आत मीठ, मोहरी, कापूर आणि मिरच्यांची पिशवी. (डब्लिनच्या घरनं मिरच्या किल्ल्यात कशा आल्या, हे विचारू नका. लोक औषधं बरोबर ठेवतात, तशी ती मिरच्या ठेवते.)

"पण आत्ता न्हाय. दिवेलागणीला काढायची असती."

झालं! आम्ही खिडकीत दिवेलागणीची वाट बघत बसलो. महिना जूनचा. सात वाजले, लख्ख उजेड. आठ वाजले, तसाच उजेड. साडेनऊला बाहेर एक माणूस आरामात कुत्रं फिरवत होता.

"ह्या देशात सांज होत न्हाय का ओ?"

मी तिला पृथ्वीचा आस कललेला असतो, उत्तरेकडं उन्हाळ्यात दिवस मोठा होतो, वगैरे सांगितलं.

"मग सरळ करा की त्यो! हितं पोर तळमळाय लागलीया."

दर पाच मिनिटांनी मी शेजारच्या खोलीत डोकावायचो. जावई मान हलवून नाही म्हणायचे. मी परत येऊन आकाशाकडं बघायचो. आयुष्यात कधी कशाची एवढी वाट बघितली नव्हती, तेवढी त्या दिवशी अंधाराची बघितली.

साडेदहाला एकदाचं अंधारलं. शालननं सात मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेतली, प्राजूवरनं उतरवली. "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, भुताखेताची..." आणि शेवटी आवाज चढवून, "त्या फोटुतल्या बाईची!" प्राजू डोळे मिटून पडून होती, नको म्हणाली नाही. जावयांनी तर हात जोडले होते.

आता हे जाळायचं कुठं? आमच्या खोलीत दगडी शेकोटी होती. आत लाकडांच्या आकाराचा विजेचा दिवा. तो मी बाजूला काढला, चहाच्या स्टीलच्या ताटलीत कापूर पेटवला, मिरच्या टाकल्या. "धूर होईल की ओ," शालन म्हणाली. "वेडी का काय तू! गरम हवा हलकी असती, सरळ वर धुराड्यातनं जाणार," मी म्हणालो. विज्ञान माझं बरोबरच होतं. पण त्या धुराड्याला वर लाकडी फळी मारून कित्येक वर्षं झाली होती, हे विज्ञानाला कुणी कळवलं नव्हतं.

दृष्ट काढली की मिरचीचा ठसका लागला पाहिजे. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. नाही लागला तर होती. जेवढा ठसका कमी, तेवढी दृष्ट मोठी. आम्ही दोघं नाक पुढं करून बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही! मिरच्या प्रवासात सादळल्या होत्या, त्यांना धगच धरत नव्हती. पण हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं.

"अहो, ठसकाच न्हाय! लई जबर लागलीया पोरीला!" शालन रडायलाच लागली.

आणि मी, विज्ञानाचा मास्तर, भेदरून उठलो आणि पिशवीतल्या सगळ्या मिरच्या त्या ताटलीत ओतल्या. वर उरलेला कापूर.

आमच्याकडं म्हणतात, जाळ अन् धूर संगटच! तिथं जाळ बोटभर आणि धूर खोलीभर. तो वर गेला, फळीला भेटला आणि आमच्याकडं परत आला. आधी माझा श्वास गेला, मग नजर. चाचपडत दार उघडलं, तर धूर आमच्या आधी बाहेर पडून बोळात पसरला. छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं, त्याचं ऐकून पुढचं, त्याचं ऐकून त्याच्या पुढचं. दारं धाडधाड उघडली. सगळा मजला खोकायला लागला.

अशात शालन लेकीला हुडकायला धावली. साडी वाळत घातलेली, म्हणून अंगावर हॉटेलचा पायघोळ पांढरा झगा. केस भिजलेले, म्हणून मोकळे सोडलेले. डोळे लालभडक. धुरातनं दोन्ही हात पुढं करून ती बोळातनं निघाली, "माझी पोर कुठाय? कुणी बघितली का माझी पोर?"

भूत बघायला म्हणून समुद्रापलीकडनं आलेलं एक जोडपं बोळाच्या टोकाला उभं होतं. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. आयुष्याचं सार्थक व्हायची वेळ आली, तर त्यानं कॅमेरा टाकला, बायको टाकली आणि जिन्याकडं धूम ठोकली. बायको जागीच गुडघ्यावर बसून प्रार्थना म्हणायला लागली. शालननं तिला उठवायला हात दिला. तिथं ती बेशुद्ध पडली.

दहा मिनिटांत सगळा किल्ला अंगणात, रिमझिम पावसात, घोंगड्या पांघरून खोकत उभा. अग्निशमनची गाडी आली. मुखवटा घातलेला एक धिप्पाड जवान आत गेला आणि चिमट्यात ताटली धरून बाहेर आला. हे कुणाचं, म्हणून त्यानं विचारलं. मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, निम्माच.

"हे वाईट नजरेसाठी असतं," मी इंग्रजीत समजावलं. "डोळ्यांपासून संरक्षण."

त्यानं अंगणातल्या सगळ्यांच्या डोळ्यांकडं एकवार बघितलं आणि वहीत लिहायला लागला.

जावयांनी पहिला भोंगा वाजताच प्राजूला खाली आणून गाडीत बसवलं होतं. मी मान खाली घालून तिकडं गेलो. तिसऱ्या वेळी काही वाईट झालं, तर ते माझ्या हातानं झालं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

"चुकलं पोरी," मी काचेतनं म्हणालो.

तिनं काच खाली केली. "पप्पा, तुम्ही? मिरच्या तुम्ही जाळल्या?" तिचे खांदे हलायला लागले. रडतीया म्हणून मी घाबरलो. ती हसत होती! तोंडावर हात दाबून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. कित्येक महिन्यांत आम्ही तिचं हसणं ऐकलं नव्हतं. आणि हसता हसता ती एकदम थांबली. माझं मनगट पकडलं.

"लाथ मारली," ती म्हणाली. "पप्पा, आत्ता. थांबा... परत मारली!"

जावयांना कुणाला मिठी मारावी ते कळेना. शेजारी व्यवस्थापक बाई आम्हाला झापायला येऊन उभ्या होत्या, त्यांनाच मारली आणि त्यांच्या खांद्यावर ढसाढसा रडले. बाईंना काहीच माहीत नव्हतं, तरी त्या त्यांची पाठ थोपटत राहिल्या. (बंदी त्यांनी दुसऱ्या दिवशी घातली, हॉस्पिटलनं सगळं ठीक आहे असं सांगितल्यावर. तेवढं माणूसपण दाखवलं.) "निघाली बघा दृष्ट," शालन म्हणाली. भोंग्याच्या आवाजानं पोर दचकलं असेल, आई हसली म्हणून हाललं असेल, माझ्याकडं चांगली चार कारणं होती. एकही सांगितलं नाही. मी रडत होतो. मिरचीनं, असं म्हणालो. सगळेच रडत असल्यामुळं ते खपून गेलं.

ऑक्टोबरात नात झाली. आता दीड वर्षाची आहे, गुटगुटीत. तिला शिंक आली तरी इकडं मला झोप लागत नाही. शालन म्हणते, "सर्दी हाय ओ ती, सर्दीला कुठं दृष्ट काढत्यात?" पण मी ऐकत नाही. दर अमावस्येला व्हिडिओ कॉल लावतो, मोबाईल पाटावर उभा करतो आणि सात मिरच्या घेऊन त्याच्यावरनं स्वतः उतरवतो. परवा अशीच डोळे मिटून, मनापासून, चांगली दोन मिनिटं उतरवली. डोळे उघडले, तर कॉल केव्हाचाच तुटलेला. काळ्या पडद्यात माझंच थोबाड दिसत होतं. म्हणजे मी इतका वेळ ज्या तोंडाची दृष्ट काढत होतो, त्याला ती लागायची भीती बासष्ट वर्षांत खुद्द माझ्या आईलासुद्धा कधी वाटली नव्हती!